काठीचं डोकं

आमच्या जेवणाच्या टेबलावर काकांनी पहिल्याच भेटीत तांबड्या खडूनं फुली मारली. टेबल नवंकोरं होतं. लग्नानंतर आम्ही दोघांनी अशोका गार्डनमधल्या एका दुकानातून हौसेनं घेतलेलं आणि सायकलरिक्षावर आडवं बांधून आणलेलं. शेजारच्या क्वार्टरमधले काका "नवीन मंडळी आलीत, भेटून येऊ" म्हणून आले, बसले, चहाचा कप उचलून खिडकीत ठेवला आणि टेबलाच्या दोन कोपऱ्यांवर तळवे टेकून जोर दिला. टेबल कुरकुरलं. काकांनी शर्टाच्या खिशातून खडू काढला, मधोमध ठसठशीत फुली मारली, मग खिडकीतला कप घेऊन उरलेला चहा प्यायले आणि म्हणाले, "चहा फर्स्ट क्लास झालाय, वहिनी." त्या आठवड्यात मी नागपूरला आईला लिहिलं की शेजार चांगला आहे, पण शेजारी जरा तसेच आहेत.

काका कारखान्यात तपासणी खात्यात होते. केसाच्या जाडीचा फरकही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. यंत्राचा भाग बरोबर असला की पांढऱ्या खडूनं बरोबरची खूण, चुकला की तांबडी फुली. त्यांची फुली पडलेला भाग पुढे सरकत नसे, मग कितीही मोठा साहेब येऊन विनवण्या करो. पांढरा खडू ते खात्यातच ठेवून येत. तांबडा मात्र खिशात बसून घरी येई, आणि कारखान्याच्या टाऊनशिपभर त्याचा धुमाकूळ चाले. बागेतल्या बाकावर फुली, वाचनालयाच्या कपाटावर फुली. एका लग्नात तर नवरदेवासाठी ठेवलेल्या चौरंगावर त्यांनी फुली मारली. वरपक्ष खवळला. वराचे मामा अंगावर धावून आले. काका शांतपणे म्हणाले, "अहो, पाय ढिला आहे. मुलगा पडला तर शुभ होणार का?" मग स्वतःच कुठूनतरी लाकडाची कपची पैदा करून त्यांनी तो पाय पक्का केला आणि मुहूर्तही सांभाळला. फुली मात्र पुसली नाही. सगळ्या फोटोंत ती नवरदेवाच्या मांडीखालून डोकावते.

स्वतः बनवलेल्या वस्तूंवर ते कुठलीच खूण करत नसत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "अपने माल का इन्स्पेक्टर अपन नहीं. नियम आहे." त्यामुळे त्यांच्या घरातलं एकूणएक सामान पास न झालेलं होतं, असं मी त्यांना चिडवत असे.

आणि सामान होतं तरी किती! कारखान्यात मोठाली यंत्रं मोठाल्या लाकडी पेट्यांतून येत. रिकाम्या पेट्यांच्या फळ्या कामगारांना चिठ्ठीवर मिळत. इतर लोक त्यांचं जळण करत, फार तर कोंबड्यांची खुराडी. काकांनी त्यातून घर भरलं. पेटीवर छापलेली अक्षरं ते रंधून काढत नसत. त्यामुळे त्यांच्या कपाटाच्या दारावर छत्रीचं चित्र होतं, म्हणजे पाण्यापासून जपा. देवघराच्या पाठीवर फुटक्या पेल्याचं चित्र होतं, म्हणजे नाजूक वस्तू, सांभाळा. "देवांना ते बरोबर लागू पडतं," काकू म्हणायच्या.

आणलेली फळी काका लगेच कधीच वापरत नसत. तिच्यावर पेन्सिलीनं तारीख घालून ती पलंगाखाली सरकवायची आणि अख्खा एक पावसाळा तिथे राहू द्यायची. "लाकूड बाहेरून येतं," ते सांगत, "त्याला आपल्या घराची हवा माहीत नसते. आधी राहू द्या त्याला. फुगायचं ते फुगेल, आकसायचं ते आकसेल, वाकडं व्हायचं ते वाकडं होईल. मग हात लावा. घाई केली तर लकडी बदला घेते. दोन वर्षांनी, पाहुणे बसलेले असताना." काका मूळचे ग्वाल्हेरचे, तिकडचं मराठी असं मध्येच हिंदीत पाय टाकून येई. पलंगाखाली इतक्या फळ्या होत्या, की काकू म्हणत, मी जंगलावर झोपते.

मी टाऊनशिपच्या शाळेत भूगोल शिकवत असे. दुपारी दोनला मोकळी, आणि काकाही सकाळच्या पाळीहून त्याच सुमाराला घरी. मागच्या व्हरांड्यातून त्यांच्या व्हरांड्यातला रंध्याचा आवाज यायचा, आणि ताज्या चिडाच्या लाकडाच्या भुशाचा वास. एका रविवारी मी जाऊन उभी राहिले ती राहिलेच. काकांना बाईमाणसाच्या हातात करवत देण्यात काही वावगं वाटलं नाही. "मास्तरीणबाई, उद्यापासून साडीचा पदर खोचून यायचं," एवढंच म्हणाले. वहिनीची मास्तरीणबाई झाले ती त्या दिवसापासून.

त्यांचं शिकवणं म्हणजे अर्धं हातानं, अर्धं बडबडीनं. रंधा मारायच्या आधी फळीवरून तळवा फिरवायचा. मांजराच्या पाठीवरून फिरवतो तसा. एका बाजूनं गुळगुळीत लागतं, उलट्या बाजूनं खरखरतं. रंधा गुळगुळीत बाजूनंच चालवायचा, नाहीतर फळी ओरबाडते. रेघेवर कापायचं नाही, रेघेच्या बाहेरून कापायचं. रेघ शेवटपर्यंत दिसली पाहिजे. "लाकूड जास्त राहिलं तर काढता येतं, कमी पडलं तर देवालाही चिकटवता येत नाही." खिळ्याचं टोक आधी हातोडीनं चेपून बोथट करायचं, म्हणजे फळी फाटत नाही. स्क्रूला कपडे धुण्याचा साबण लावायचा. आणि पटाशीला, म्हणजे लाकूड तासायच्या छिन्नीला, रोज धार. "बोथट पटाशीला जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की ती निसटून बोटावर येते. धारवाली पटाशी शरीफ असते." हे सगळं मला आजही उपयोगी पडतं, तेव्हा कुणाला लागलं तर खुशाल घ्यावं.

माझी पहिली वस्तू स्टूल. चार पाय टेपनं मोजून कापले, स्टूल डुगडुगलं. एक पाय थोडा कापला, दुसऱ्या बाजूला डुगडुगलं. तो कापला. असं करत करत संध्याकाळपर्यंत स्टुलाचा पाट झाला. काकांनी निमूटपणे फुली मारली. मग एक सरळ काठी आणून माझ्या हातात दिली.

"टेप फेकून द्या. टेपवरचा आकडा डोक्यात ठेवायचा, डोक्यातून फळीवर आणायचा, मध्ये दोनदा चूक होते. काठीवर खुणा करा. काठी फळीवर ठेवा. आकडाच नाही, तर चुकणार काय?"

मी खुणा करायला लागले तर त्यांनी हात धरला. "डोकं कुठाय?"

"कुणाचं?"

"काठीचं. आधी एका टोकाला बाण काढायचा. हे डोकं, हे पाय. डोकं नसलेली काठी कोणी उलटी धरली, तरी ती खरंच बोलते. पण दुसऱ्याच घराचं."

त्या दिवशी त्यांनी मला चार वेळा विचारलं, डोकं कुठाय. मी चिडून माझ्याच कपाळाला हात लावून दाखवला.

आता काकूंबद्दल सांगायला हवं, कारण काकांची सुतारकी खरी त्यांच्यासाठीच होती. ते मला बरंच उशिरा कळलं. काकूंची नजर काचबिंदूनं हळूहळू जात होती. मी राहायला आले तेव्हा त्यांना समोरचं दिसे, बाजूचं नाही. पुढे समोरचंही धूसर झालं, आणि शेवटी फक्त उजेड कुठून येतो तेवढं कळायचं. पण त्यांच्या घरात बसलेल्या माणसाला याचा पत्ता लागत नसे. काकू उठायच्या, सरळ स्वयंपाकघरात जायच्या, पोहे करून आणायच्या, आणि नेमकं माझ्यासमोर बशी ठेवून म्हणायच्या, "लिंबू पिळून घे गं."

भिंतीला कमरेच्या उंचीवर काकांनी एक लाकडी दांडी बसवली होती. मला वाटायचं शोभेची असेल. तिला जागोजागी अंगठ्याखाली येतील अशा खाचा होत्या. एक खाच आली की स्वयंपाकघराचं दार, दोन आल्या की मोरी, तीन म्हणजे झोपायची खोली. प्रत्येक खणाची मूठ निराळी होती: गोल मुठीत मीठ-मसाले, चौकोनी मुठीत चहा-साखर, औषधांच्या खणाला शंकरपाळ्यासारखी. एकाही वस्तूला टोकदार कोपरा नव्हता. नजर जितकी मागे हटत गेली तितकी काकांनी लाकडं पुढे सरकवली. दोघांमध्ये यावर कधी बोलणं झालं असेल असं मला वाटत नाही. रविवारी रंधा चालायचा आणि सोमवारी काकूंच्या हाताला काहीतरी नवीन लागायचं.

"या घरात मी आंधळी नाहीये," काकू मला एकदा म्हणाल्या. "फाटकाबाहेर पाऊल टाकलं की आहे."

आमच्या घरी मात्र त्या एकट्या येत नसत. टाऊनशिपची क्वार्टरं जोडीजोडीनं बांधलेली, मधली भिंत एक आणि दोन्ही घरं एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं. त्यांच्याकडे आत शिरलं की स्वयंपाकघर उजव्या हाताला, आमच्याकडे डाव्या. काकू आमच्याकडे आल्या की दोन पावलांत गोंधळायच्या, उजवा हात पुढे करायच्या, हाताला कोरी भिंत लागायची. "तुझं घर उलटं आहे बाई," म्हणत माझ्या खांद्याला धरून बसायच्या.

काकांची निवृत्ती जवळ आली. निवृत्तीनंतर ठरावीक महिन्यांत क्वार्टर सोडावं लागे. तो सगळ्यांचाच नियम होता. इतर लोक नवीन घरात काय काय हवं याची स्वप्नं बघत. काकांनी टाऊनशिपबाहेर सोनागिरीत एक लहानसा प्लॉट घेतला आणि ठरवलं की तिथे हेच घर बांधायचं. असंच. विटेला वीट. स्वयंपाकघराचा उंबरा एका बाजूला बोटभर चढा होता, तो तसाच चढा. मोरीच्या दाराची चौकट जरा तिरकी होती, ती तशीच तिरकी.

"बाऊजी, ये तो टेढ़ी हो जाएगी," मिस्त्री म्हणाला.

"टेढ़ी ही चाहिए. सीधी की तो गिर जाएगी वो."

मिस्त्रीला वाटलं, चौकटच पडेल म्हणतायत.

जुन्या घराला कुलूप लावून तशाच नव्या घरात काकूंनी जायचं आणि त्यांना काही कळूही नये, असा बेत होता. त्यासाठी काकांनी भिंतीएवढी लांब, चौकोनी काठी केली. तिच्या चार बाजूंवर अख्खं क्वार्टर उतरवलं: दारं, ओटा, खिडक्या, नळ, दांडीच्या खाचा. ती काठी खांद्यावर टाकून काका टाऊनशिपच्या रस्त्यानं सोनागिरीला निघाले तेव्हा लोक विचारत होते, "काका, मासे पकडायला?"

बाहेरच्या चार भिंतींचा पाया झाला आणि त्याच आठवड्यात इंदूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी काकूंना बोलावलं. एक शेवटचा प्रयत्न म्हणून. काका काठी मिस्त्रीच्या हवाली करून गेले. "लकड़ी जैसा बोले वैसा करना, अपना दिमाग मत लगाना," असं बजावून. इंदूरला पंधरा दिवसांचा महिना झाला. डॉक्टरांनी प्रयत्न केला आणि हात टेकले. दोघं परत आले त्या दुपारी काका पाणीही न पिता सोनागिरीला गेले. मी बरोबर होते, कारण काकू म्हणाल्या, "जा गं यांच्यासोबत, चेहरा बरा नाही दिसत." त्यांना चेहरा दिसत नव्हता, पण त्या तसंच बोलायच्या.

भिंती दारांच्या वरपर्यंत आल्या होत्या. काम देखणं होतं. काका दारातून आत शिरले, उजवा हात पुढे केला आणि थबकले. उजवीकडे कोरी भिंत होती. स्वयंपाकघर डाव्या हाताला. उंबरा बोटभर चढा, पण दुसऱ्या बाजूला. चौकट तिरकी, पण दुसरीकडे झुकलेली. इंचाचाही फरक नव्हता, आणि सगळं घर उलटं होतं. त्यांनी काकूंसाठी आमचं घर बांधलं होतं.

मिस्त्री घाबरून काठी घेऊन आला. "बाऊजी, लकड़ी जैसा बोली..."

काकांनी काठीची दोन्ही टोकं बघितली. बाण नव्हता. माझ्या पाटाच्या काठीला चारदा डोकं विचारणारा हा माणूस, इंदूरच्या चिंतेत स्वतःच्या काठीचं डोकं विसरला होता. "तुम्हारी गलती नहीं है," ते मिस्त्रीला म्हणाले. "काठीला डोकं नव्हतं." आणि खिशातून तांबडा खडू काढून त्यांनी काठीच्या चारही बाजूंवर फुल्या मारल्या.

घरी आल्यावर ते काकूंच्या समोर उभे राहिले आणि तपासणी खात्यात सांगावं तसं सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "पाडून पुन्हा बांधतो." मी हिशेब माहीत असल्यासारखी मध्ये बोलले, की तेवढ्यात क्वार्टर सोडायची तारीख उलटून जाईल. आयुष्यभर इतरांच्या चुका पकडणाऱ्या माणसाच्या हातून एकच चूक व्हावी, आणि ती नेमकी तिथेच व्हावी, याचा मला देवावर राग आला होता.

काकू दांडीवरून अंगठा फिरवत होत्या. म्हणाल्या, "अहो, फळी घरात आणली की तुम्ही तिला काय देता?"

काकांची नजर पलंगाखाली गेली.

"एक पावसाळा देता ना? फुगू देता, आकसू देता. मग मला नाही का देणार? चार महिने आहेत. उलटं घर तर शेजारीच आहे." आणि माझ्या दिशेनं वळून, "चालेल ना गं?"

मी आमच्या कुलुपाची दुसरी किल्ली आणून त्यांच्या हातात ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून काकू आमच्या घरी चालायला येऊ लागल्या. काकांनी पलंगाखालून सगळ्यांत जुन्या तारखेची फळी काढली आणि आमच्या भिंतीला दांडी बसवली. आधी मापं घेतली, काठीवर. बाण पहिला. जुनी दांडी चालण्यासारखी नव्हती, तिच्या खाचा उजव्या अंगठ्यासाठी होत्या. ही डाव्या अंगठ्याची. माझी भांडी, डबे, चहा-साखर काकूंच्या घरच्यासारखी पण उलट्या बाजूला लागली. माझ्या नवऱ्याला महिनाभर चहाची साखर सापडली नाही, आणि त्या बापड्यानं चकार शब्द काढला नाही.

पहिले दिवस वाईट गेले. काकू उजव्या हातानं भिंत चाचपायच्या, ओट्याच्या कडेवर हात आदळून घ्यायच्या, मोरी म्हणून कपाट उघडायच्या. एकदा दुधाचं पातेलं सांडलं आणि त्या ओट्याशी खाली बसून म्हणाल्या, "इतक्या वर्षांची सवय आहे गं, डाव्या हाताला अक्कलच नाही." काका व्हरांड्यात उभे राहून ऐकायचे. आत आले नाहीत कधी. रंधा हातात असायचा, चालत नसायचा. पण पुढे पुढे काकूंचं आदळणं कमी झालं. मग एका दुपारी मी शाळेतून आले तर कुलुपाची दुसरी किल्ली वापरून काकू आत आलेल्या, एकट्याच. चहा तयार होता. डाव्या हातानं त्यांनी माझ्यासमोर कप ठेवला, टेबलावरच्या त्या जुन्या फुलीच्या अगदी मधोमध. मी हाक मारून काकांना बोलावलं. त्यांनी कप बघितला आणि बराच वेळ नाक शिंकरत बसले. भुशामुळे, असं म्हणाले.

सोनागिरीला जायच्या आदल्या दिवशी काकांनी आमच्या भिंतीवरची दांडी उतरवली. चार महिने काकूंच्या हातानं घासून ती तुकतुकीत झाली होती. भिंतीतली भोकं त्यांनी लाकडाच्या गुट्ट्या ठोकून बुजवली, वर चुना लावला. तरी संध्याकाळी येता-जाता माझाच डावा हात भिंतीकडे जाई आणि रिकामा परत येई.

गृहप्रवेशाला आम्ही चौघंच आणि मिस्त्री. काकांनी काकूंना दारापर्यंत आणलं आणि कोपर सोडलं. पूर्वी कधी सोडलं नसेल असं सोडलं. काकूंनी चप्पल काढली, उंबरा ओलांडला आणि डावा हात पुढे केला. तीच तुकतुकीत दांडी हाताला लागली. एक खाच. त्या वळल्या, चढा उंबरा ज्या बाजूनं चढा होता तिथे पाऊल जरा उचलून टाकलं आणि आत दिसेनाशा झाल्या. आम्ही बाहेर उभे. गोल मुठीचा खण उघडल्याचा आवाज आला, मग चौकोनी मुठीचा. काका भिंतीकडे तोंड करून एका सांध्यावर नख फिरवत होते. त्या सांध्यात तपासण्यासारखं काही नव्हतं.

काकू परत आल्या. दाराशी उभ्या राहून म्हणाल्या, "अहो, खडू द्या."

काकांनी खिशात हात घातला. तांबडाच होता. "पांढरा नाहीये गं," ते म्हणाले.

"मला काय करायचंय रंगाशी?"

तो तांबडा खडू घेऊन काकूंनी चौकट चाचपली आणि हात वर करून बरोबरची खूण काढली. मोठी, वाकडीतिकडी. अर्धी चौकटीवर आली, अर्धी भिंतीवर.

त्यानंतर कितीतरी दिवाळ्यांना सोनागिरीच्या त्या घराला रंग दिला गेला. काका आता नाहीत. पण जोवर होते, तोवर रंगारी आला की खुर्ची टाकून दारातच बसत आणि त्याला बोटानं दाखवत, "भैया, सब करो. बस इतनी जगह छोड़ देना."